पद्मिनीचा गंज: देवबागच्या मांगरातल्या नोंदी

१९ ऑक्टोबर २०२४

पाऊस जवळपास गेला. संध्याकाळी अजून गडगडतं, पण मांगराची (गोठावजा कोठाराची) जमीन सुकली, म्हणून आज गाडी जॅकवर घेऊन चारी चाकं काढली. १९८६ची प्रीमियर पद्मिनी, थोरल्या काकांची. इंजिनाच्या कामाची वही वेगळी आहे. इथे फक्त गंज.

मालवणजवळचं देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. गाडी कितीही आत लावा, खारं वारं दोन्हीकडून येतं. वरून रंग अजून बरा आहे, बॉनेटवर तर हात फिरवावासा वाटतो. खाली गेलं की चित्र वेगळं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकत गेलो. जिथे 'टण्' वाजतं तिथे लोखंड आहे, जिथे 'थप्' होतं तिथे रंगाच्या पापुद्र्याआड नुसता भुगा. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गेलाय. दोन्ही बाजूंचे सिल, म्हणजे दारांखालच्या पत्र्याच्या पेट्या, जॅक लावतात त्या जागी बसलेत. मागचे पाटे (लीफ स्प्रिंगा) ज्या कडीला, म्हणजे शॅकलला, टांगलेले असतात तिथली जागा संशयास्पद. चारी दारांच्या खालच्या कडा फुगल्यात, कारण पाणी जायची भोकं तांबड्या मातीने आणि कुजलेल्या पानांनी बुजलेली. दारात पाणी साचलं आणि आतून खात बसलं.

सुट्या भागांचे तीन ढीग केले. ब्रेक ड्रम, हब, पुढचे विशबोन, ब्रॅकेट असं जाड लोखंड एकीकडे. पातळ पत्र्याचं सगळं दुसरीकडे. तिसऱ्या ढिगात पुढच्या कॉइल स्प्रिंगा, मागचे पाटे, स्टिअरिंगचे आर्म आणि हाय टेन्साइल बोल्ट. या ढिगाला कुठल्याही आम्लात किंवा करंटच्या पाण्यात घालायचं नाही, हे खडूने भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. मदतीला येणारी पोरं उत्साही आहेत.

२६ ऑक्टोबर

बोल्ट. डिझेल आणि ऑटो गिअरचं ऑइल निम्मं निम्मं, रोज सकाळ-संध्याकाळ थेंब थेंब. जे सुटले ते सुटले. शॅकलचे दोन बोल्ट लालबुंद करून, थंड होताना तेल पाजून, रिंग पान्याला पाइप लावून निघाले. एक तुटला. त्याचं पुढे ड्रिल करून बघू.

२८ ऑक्टोबर

मांगरात कोणी गाडी उघडली की गावाला सल्ला देण्याचा हक्क मिळतो. त्यातले विचार करण्यासारखे तीन.

एक, कोकम. पितळेची समई कोकमाच्या सालीने लख्ख होते, मग लोखंड का नाही? आम्ल आहे, त्यामुळे वरचा पातळ गंज निघेल. पण घराघरात असतं ते आगळ, आणि आगळात मीठ असतं. गंजलेल्या लोखंडाला मिठाचं पाणी चोळणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

दोन, काकवी. हा टोटका खरा आहे. जुन्या गाड्यांवर काम करणारे जगभर वापरतात. एक भाग काकवी किंवा मळी, नऊ-दहा भाग पाणी, त्यात एक-दोन आठवडे भाग बुडवून ठेवायचा. गंज विरघळतो, धड लोखंडाला फारसा धक्का लागत नाही. ॲल्युमिनिअम आणि जस्त मात्र खातं. वास असह्य, मुंग्या आणि गांधीलमाश्या फुकट. घरात काकू आहेत, त्यामुळे हा मार्ग बंद.

तीन, ब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेने कण मारून गंज उडवणं, तेही समोरच्या पुळणीवरची वाळू वापरून. याला साफ नकार. वाळूची बारीक धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. त्यात ती वाळू खारी. वर पद्मिनीचा पत्रा पातळ, ब्लास्टिंगच्या माराने तापून लहरतो. जाड भाग पुढेमागे कुडाळच्या एमआयडीसीत कोणी गार्नेट वापरून करून दिले तर बघू.

मी ठरवलंय ते इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे सोड्याच्या पाण्यात करंट सोडून गंज काढणं.

३ नोव्हेंबर

दिवाळी उरकली, पिंप मांडलं. निळं प्लास्टिकचं पिंप, त्यात विहिरीचं पाणी, दर १० लिटरला अंदाजे ५० ग्रॅम धुण्याचा सोडा. खायचा सोडा नव्हे. मीठ तर अजिबात नाही, मिठाने क्लोरीन सुटतो. कडेने बांधकामाच्या सळईचे चार तुकडे उभे करून एकमेकांना तारेने जोडले, ते चार्जरच्या पॉझिटिव्हला. मधे ब्रेक ड्रम लटकवून तो निगेटिव्हला. हे उलटं झालं तर सळया वाचतील आणि ड्रम खपेल. सळईच्या जागी स्टेनलेस स्टीलचा डाव-चमचा लावायचा नाही, त्यातलं क्रोमिअम पाण्यात उतरतं आणि ते विषारी असतं.

चार्जर जुना ट्रान्सफॉर्मरवाला, १२ व्होल्टचा. हल्लीचे शहाणे चार्जर बॅटरी दिसल्याशिवाय चालूच होत नाहीत. तसा असेल तर मधे एक जुनी बॅटरी जोडावी लागते. करंट ३ अँपिअरच्या आसपास ठेवला.

थोड्या वेळात ड्रमभोवती बारीक बुडबुडे आणि वर तपकिरी फेस. बुडबुडे हायड्रोजनचे, म्हणून मांगराची दोन्ही दारं उघडी आणि विडीवाल्यांना अंगणात हद्दपारी. हात घालण्याआधी चार्जरचा प्लग काढायचा. काकू डोकावून म्हणाल्या, "ह्यां सरबत कोणाक?"

५ नोव्हेंबर

ड्रम बाहेर काढला. लाल गंज काळा झालाय, वायर ब्रशने ओल्यातच निघतो. खाली राखाडी, निरोगी बीड (ओतीव लोखंड) दिसलं. सळईच्या समोर असलेली बाजू जास्त साफ, मागची कमी. करंट जणू नजरेच्या रेषेत काम करतो, म्हणून भाग मधे फिरवावा लागतो.

एका ड्रमसाठी एवढी उठाठेव का, असं पोरांनी विचारलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावर नाही. टॅक्स्या होत्या तोवर कुर्ल्यात मागाल तो भाग मिळायचा. आता दुकानदार आधी भाव सांगतो, मग माल आहे का ते बघतो. हातातला ड्रम वाचवणं स्वस्त. ब्रेक लायनर घासतो त्या आतल्या पट्टीवर खड्डे आहेत, ते लेथवर निघतात का ते कुडाळला कळेल. निघता निघता ड्रम मापाबाहेर गेला तर तो भंगार, तिथे दया नाही.

९ नोव्हेंबर

साफ ड्रम पुसून, उन्हात वाळवून, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला होता. आज उघडला. सपाट भाग ठीक. पण बाहेरच्या बाजूला, जिथे गंजाने खड्डे पाडले होते, तिथे प्रत्येक खड्ड्याच्या तोंडाशी नारिंगी ठिपका. काही ठिपक्यांवर पाण्याचा बारीक मणी. बाहेर कडक ऊन, आणि लोखंडाला घाम.

मालवण बंदरातल्या ट्रॉलरांची इंजिनं करणारे मिस्त्री सहज आले होते. त्यांनी ड्रम उचलला, ठिपक्यावर बोट ओढून जिभेला लावलं आणि मी पुन्हा ब्रश घेतोय हे बघून म्हणाले, "घासतंस कित्या? आधी खार काढ, मगे घास."

त्यांचं म्हणणं असं की बोटीवरचं लोखंड आणि गावातलं लोखंड यांना एकच औषध चालत नाही. घाटावर गंज काढला की काम संपतं. इथे गंज निघतो, खार आतच राहतो.

रात्री यावर वाचत बसलो. खाऱ्या वाऱ्यातलं क्लोराइड गंजाच्या थरातून खाली झिरपतं आणि खड्ड्याच्या तळाशी लोखंडाशी जोडी जमवून बसतं. तिथे ते हवेतला ओलावा ओढतं, आम्ल तयार करतं, आम्ल आणखी लोखंड खातं आणि क्लोराइड पुन्हा मोकळं होऊन पुढच्या घासाला तयार. स्वतः खर्चच होत नाही. साधं मीठ हवेत सुमारे ७५ टक्के आर्द्रता झाली की स्वतःच पाणी होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशिअम क्लोराइडही असतं, त्याला तर ३३ टक्के पुरतात. म्हणजे देवबागला खारवलेलं लोखंड जानेवारीतल्या दुपारीसुद्धा खऱ्या अर्थाने कोरडं नसतं. समुद्रातून काढलेल्या तोफा आणि नांगर संग्रहालयवाले महिनोन् महिने सोड्याच्या पाण्यात करंट देऊन ठेवतात ते याचसाठी. त्यांना गंजाची घाई नसते, क्लोराइड बाहेर यायला हवं असतं.

१७ नोव्हेंबर

मावसबहीण कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. ताईला फोनवर सगळं सांगितलं तर ती रविवारी परीक्षानळ्या, पातळ नायट्रिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेटची तपकिरी बाटलीच घेऊन आली. पाण्यात क्लोराइड असेल तर सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबाने पांढरा साका येतो. सोडा असला तरी पांढरं दिसतं, म्हणून आधी नायट्रिकचे थेंब टाकून सोडा मारायचा. हातमोजे हवेत, नाहीतर बोटांवर काळे डाग पडतात आणि ते कातडी बदलेपर्यंत राहतात.

खड्डेवाला ड्रम बॅटरीच्या (डिस्टिल्ड) पाण्यात उकळून ते पाणी एका नळीत घेतलं. दुसरीत नुसतं बॅटरीचं पाणी. तिसरीत, ताईच्या आग्रहावरून, आमच्या विहिरीचं पाणी, ज्याने मी पिंप भरतोय आणि भाग धुतोय.

बॅटरीचं पाणी नितळ राहिलं. ड्रमच्या पाण्यात थेंब पडताच पांढरा धागा सुटला, हलवल्यावर सगळी नळी धुरकट झाली. आणि विहिरीच्या पाण्यात थेंब टेकता क्षणी घट्ट दुधाळ, मागे धरलेलं बोट दिसेना. ताई हसत सुटली. पाणी मचूळ आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. डाळ शिजत नाही म्हणून पिण्या-रांधण्याचं पाणी वेगळं येतं. पण लोखंड धुताना ते कोणाच्या डोक्यात येत नाही.

पागोळीखाली बागेसाठी ठेवलेली टाकी सप्टेंबरात भरलेली आहे. ते पाणी तपासलं तर जेमतेम धुरकट. पिंप रिकामं करून आजपासून पागोळीचं पाणी. शेवटचं धुणं बॅटरीच्या पाण्याने.

२४ नोव्हेंबर

नवा क्रम बसला. आधी भाग गंजासकट पागोळीच्या पाण्यात रात्रभर. मग इलेक्ट्रोलिसिस, पण गंज निघाला म्हणून थांबायचं नाही. करंटने क्लोराइड खड्ड्यातून सळईकडे ओढलं जातं, त्यामुळे पाणी बदलून पुन्हा लावायचं. मग ब्रश. मग जुन्या हंड्यात उकळ. उकळीचं पाणी नळीत घेऊन थेंब. पांढरं आलं की परत पिंपात.

पहिला ड्रम या फेऱ्यातून पुन्हा गेला. नळी नितळ झाल्यावर उघडाच फळीवर ठेवलाय, मुद्दाम.

मधे लाइट जाते तेव्हा घाबरायचं कारण नाही. सोड्याच्या पाण्यात लोखंड बुडलेलं असेल तोवर सहसा गंजत नाही. बाहेर अर्धवट ओलं ठेवलं तर मात्र चहा पिऊन येईपर्यंत पिवळी झाक चढते.

१ डिसेंबर

फळीवरचा ड्रम: सगळीकडे एकसारखी अगदी हलकी झाक, उघड्या लोखंडावर येते तेवढीच. खड्ड्यांच्या तोंडाशी ठिपके नाहीत. मिस्त्रींना दाखवला. त्यांनी पुन्हा जीभ लावली. या तपासाला सिल्व्हर नायट्रेट लागत नाही, पण मी अनुकरण करणार नाही.

१५ डिसेंबर

तिसरा ढीग. स्प्रिंगच्या पोलादाला आम्लात किंवा करंटच्या निगेटिव्हला लावलं की हायड्रोजन आत शिरतो आणि पोलाद ठिसूळ होतं. वरून काही दिसत नाही. मग एखाद्या घाटात पाटा मोडतो. कारखान्यात अशा भागांना नंतर सुमारे २०० अंशांना काही तास भाजून हायड्रोजन बाहेर काढतात. माझ्याकडे तशी भट्टी नाही आणि काकूंचा ओव्हन मला मिळणार नाही. म्हणून फक्त भिजवणं, ब्रश आणि पॉलिश पेपर.

मागचे पाटे सुटे केले तेव्हा मधल्या दोन पाट्यांत गंजाची पाटीसारखी चकती निघाली, हाताने उचलता येईल अशी. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्या जोराने पाटे एकमेकांपासून फाकले होते. काकांची तक्रार असायची की गाडी मागून करकरते. पाटे पागोळीच्या पाण्यात भिजवून, पाणी बदलून, पुन्हा भिजवून, वाळवून, मधे ग्रॅफाइट ग्रीस भरून बांधले. एका पाट्याला मधल्या भोकाजवळ केसासारखी चीर दिसली. तो बाद.

२२ डिसेंबर

पेट्रोल टाकी. ही वेगळीच जात. इथला गंज समुद्राचा नाही, आत साचलेल्या पाण्याचा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओलावा ओढून घेतं, आणि उभ्या गाडीत ते पाणी तळाशी बसतं.

रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची. जवळ ग्राइंडर नाही, वेल्डिंग नाही, विजेचं काहीच नाही. आधी साबणाच्या पाण्याने काठोकाठ भरून ओतली, तेही वास जाईपर्यंत. मग आत सायकलची जुनी चेन आणि गरम सोड्याचं पाणी घालून दोघांनी पाळण्यासारखी हलवली. मग लिंबूफूल, लिटरला ५० ग्रॅम, रात्रभर. पुन्हा सोड्याचं पाणी, पुन्हा साधं पाणी, आणि लगेच ब्लोअर. वाळताच थोडं टू-टी ऑइल आत फिरवलं. मोबाइलच्या उजेडात आतला पत्रा राखाडी दिसतो. चेन मोजून आत घातली होती तेवढीच बाहेर आली, हे महत्त्वाचं.

१२ जानेवारी २०२५

प्रायमर. रेड ऑक्साइडचा डबा हाताशी होता, पण साधा रेड ऑक्साइड एकटा ओलावा अडवत नाही. दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर आणला.

इथे रंगाचं खरं वैर दहिवराशी. सकाळी लोखंड हवेपेक्षा गार असतं आणि डोळ्याला न दिसणारं पाणी त्यावर बसतं. नियम असा की धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर हवं. दवबिंदू अंदाजे काढता येतो: आर्द्रता १०० पेक्षा जितकी कमी, त्याला ५ ने भागायचं आणि येईल ते तापमानातून वजा करायचं. २६ अंश आणि ८० टक्के असेल तर ४ वजा, म्हणजे २२. लोखंड २५च्या वर गेल्याशिवाय ब्रश बुडवायचा नाही. शे-दोनशे रुपयांचं आर्द्रतामापक मांगराच्या खांबाला टांगलंय. व्यवहारात वेळ उरतो अकरा ते तीन. त्यानंतर समुद्रावरचं वारं जोर धरतं आणि येताना खार घेऊन येतं, म्हणून दाराला ओला पडदा लावला. पागोळीच्या पाण्याने भिजवलेला.

क्रम: उकळत्या पाण्यातून भाग काढला की तो स्वतःच्या उष्णतेने वाळतो. त्याच उबेत पॉलिश पेपरचा एक हात, थिनरचं फडकं, प्रायमर. उद्यावर काही ठेवायचं नाही. उद्यावर ठेवलेलं परवा पिंपात जातं.

९ फेब्रुवारी

फ्लोअर आणि सिल. इथे सोडा-करंट काही नाही. गेलेला पत्रा कापायचा आणि टणक आवाज येईपर्यंत मागे जायचं. पद्मिनीला वेगळी चासी नाही, अंगच चासी आहे. सिल कापला की दार मिटेनासं होऊ शकतं, म्हणून आधी आत आडव्या पट्ट्या वेल्ड करून मग एकेक बाजू. वेल्डर मालवणचा, हात चांगला, तोंड सतत चालू.

सिलच्या पेटीतून घमेलंभर लाल भुगा निघाला. त्याचं पाणी नळीत घेऊन बघितलं. विहिरीला लाजवेल असं पांढरं.

१६ मार्च

शिमग्यामुळे आठवडा गेला. पालखी घरी येऊन गेली, देवाने मांगराकडे बघितलं की नाही कळलं नाही.

डिसेंबरात एक प्रयोग भिंतीवर टांगला होता, तो आज उतरवला. कापलेल्या जुन्या पत्र्याचे दोन तुकडे. दोन्ही सारखेच ब्रशने घासलेले. एक नळी नितळ होईपर्यंत धुतलेला, दुसरा न धुता. दोन्हींवर हिरड्याचा दाट काढा. हिरड्यात टॅनिन भरपूर, ते गंजाशी मिळून निळसर काळा थर बनवतं. सुती जाळी होती तेव्हा कोळी ती झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवायचे, तेही टॅनिनसाठीच. बाजारातल्या 'रस्ट कन्व्हर्टर'च्या बाटलीत बहुधा टॅनिक नाहीतर फॉस्फोरिक आम्ल असतं.

समुद्राकडच्या भिंतीवर तीन महिने. धुतलेला तुकडा काळाच, कडेला थोडा तपकिरी. न धुतलेल्यावर काळ्या थरातून नारिंगी फोड वर आलेत आणि नखाने पापुद्रा निघतो. बाटली महागातली घेतली असती तरी मला वाटतं हेच झालं असतं. कन्व्हर्टर गंजाचा रंग बदलतो, खाराचं काही करत नाही.

जिथे पिंप पोचत नाही, म्हणजे दारांच्या आत आणि डिकीच्या कोपऱ्यात, तिथे आता बागेचा फवारणी पंप वापरून पागोळीचं पाणी मारतोय. खालून निघणारं पाणी तपासायचं, नितळ झालं की ब्लोअर, मग हिरडा, मग प्रायमर. टाकीतलं पाणी तळाला लागलंय.

१८ मे

पाऊस तोंडावर. दारांची आणि सिलची भोकं तारेने मोकळी केली, प्रत्येक भोकातून पाणी ओतून खाली पडतं का बघितलं. मग पेट्यांत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं मेण), लांब नळीच्या फवाऱ्याने, भोकातून थेंब बाहेर येईपर्यंत. भोकं पुन्हा तारेने मोकळी. जाड रबरी अंडरकोटिंग मारलं नाही. त्याला चीर पडली की मागे पाणी अडकतं, आणि वरून कळतही नाही. त्यापेक्षा दरवर्षी खाली झोपून मेण मारलेलं बरं.

गाडी चाकांवर आहे. ताडपत्री घालणार नाही, आत घाम धरतो. मांगराच्या समुद्राकडच्या झडपा बंद, खाडीकडच्या उघड्या.

राहिलेलं: बंपरचं क्रोम. त्याखालचे खड्डे बघता नुसतं पॉलिश पुरणार नाही, कोल्हापूरला उद्यमनगरात पुन्हा प्लेटिंग करावं लागेल. पाठवण्याआधी इथेच उकळून खार काढून देणार. प्लेटिंगवाला म्हणतो गरज नाही, त्याला देवबाग कुठे आहे ते माहीत नाही. तुटलेला शॅकल बोल्ट. काच पुसण्याच्या वायपरचा आर्म. आणि पागोळीखाली दुसरी टाकी, जूनच्या पहिल्या दोन सरी वाया जाऊ द्यायच्या, कौलांवरचा खार धुतला की मग पन्हळ टाकीकडे वळवायची.